खाऱ्या हवेत स्टीलची सायकल: कामाच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२३

पाऊस जवळजवळ गेला, रस्ते सुकायला लागलेत, आणि आता ठरवूनच टाकलंय, सायकल बनवून घ्यायची. स्टीलची, रोडची, माझ्या मापाची. पुण्यात एक जण हाताने फ्रेम बनवतो, मुंबईच्या एका सायकलवाल्या मित्राने नंबर दिला, फोन झाला, सध्या सहा-सात महिन्यांची रांग आहे म्हणाला. चालेल.

शेजारच्या अण्णांना सांगितलं तर ते हसले. "रत्नागिरीत स्टील? अरे छपराचे पत्रे बघ, गेटचे पाइप बघ, समुद्र हाकेवर आहे आणि तू लोखंडाची सायकल घेतोस." बरोबर आहे त्यांचं, पण तेव्हापासून मी येताजाता लोकांची गेटं बघतोय आणि एक गोष्ट दिसते ती अशी की गेट वरून सडत नाही, खालून सडतं. उभा पाइप तळाला बंद केलेला असतो, वरच्या कुठल्यातरी फटीतून पाणी आत जातं, ते बाहेर यायला वाट नसते, मग दोन-तीन पावसाळ्यांत तळाशी बोट घुसेल एवढं भोक. वरचा रंग तोपर्यंत चकाचक. म्हणजे खारी हवा आहेच, नाही कोण म्हणतो, पण खरा घात करतं ते आत साठलेलं पाणी. फ्रेम पण शेवटी पाइपच आहेत. आत पाणी जाईल कुठून आणि बाहेर येईल कुठून हे आधीच ठरवलं तर स्टील इथे टिकायला हवं, असा माझा हिशोब.

आणि अ‍ॅल्युमिनियमवाली काय मोठी सुखात असते. आत्ता जी आहे तिच्या बाटलीच्या स्टँडचे स्टीलचे बोल्ट फ्रेममध्ये असे धरून बसलेत की भोवती पांढरी पावडर आलीय आणि एकाचं डोकंच तुटलं. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओल, की झालंच.

१५ ऑक्टोबर २०२३

मापं. बिल्डरने व्हिडिओ कॉलवर भिंतीला टेकून उभं केलं, दोन पायांमध्ये जाडजूड पुस्तक वरपर्यंत दाबून धरायला लावलं आणि बायकोला टेप घेऊन बसवलं, ती हसून हसून बेजार. उंची १६४ सेंमी, इनसीम (पायाची आतली लांबी) ७६. सीटची उंची काढायचा एक जुना ठोकताळा आहे, इनसीम गुणिले ०.८८३, म्हणजे माझी ६७.१ सेंमी, बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलचा आस फिरतो त्या जागेच्या, मध्यापासून सीटच्या वरपर्यंत. मी सध्या ६७.५ ला चालवतो. ठोकताळा असूनही जवळ आला.

शिवाय हात, खांदे, बुटाचा नंबर, कंबर कुठपर्यंत वाकते, जुनी दुखणी, हे सगळं विचारलं. मग एक प्रश्न जो कुठल्याच दुकानात कोणी विचारला नव्हता, "दादा, तुम्ही चालवणार कुठे?"

त्याला सांगितलं. सकाळी भाट्याचा पूल ओलांडून पावस, पुढे पूर्णगड. नाहीतर आरे-वारे करत गणपतीपुळे. सुट्टी असेल तर पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट. म्हणजे सपाट असं काही नाहीच, खाडी आली की उतार, खाडी संपली की चढ, परत खाडी. रस्ता कधी मस्त डांबरी, कधी खडी वर आलेली, कधी जांभ्याची लाल माती वाहून आलेली. पुढेमागे दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब सफर) करायचीय, साडेतेरा तासांची वेळ असते, पण त्यासाठी म्हणून सायकल नकोय.

तो म्हणाला, मग रेसची जॉमेट्री (फ्रेमचे कोन आणि मापं) विसरा.

५ नोव्हेंबर २०२३

धातूवर बोलणं झालं, बराच वेळ. मी आधी स्टेनलेसचं काढलं. रेनॉल्ड्स कंपनीची ९५३ नळी येते, कोलंबसची एक्ससीआर येते, दोन्ही गंज धरत नाहीत, मग तेच का नको? तो म्हणाला घ्या की, पण नळ्यांचेच पैसे ऐकून बसून घ्याल, कापायला घासायला कडक, आणि वर बोल्ट, बेअरिंग, केबल, चेन तर नेहमीचंच राहणार, ते गंजणारच. पटलं.

दुसरं त्याने एक सांगितलं ते मला माहीत नव्हतं. स्टील स्वस्त असो की महाग, ताठपणा जवळपास सारखाच, मॉड्युलस २०० गिगापास्कलच्या थोडा वर, सगळ्यांचा. महाग नळी ताठ नसते, ती ताकदवान असते, म्हणून पातळ ओढता येते आणि वजन कमी होतं. ताठपणा हवा असेल तर व्यास वाढवायचा, कारण वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या हिशोबाने वाढतो. खालची नळी २८.६ मिमीऐवजी ३१.८ घेतली आणि जाडी तीच ठेवली तर एक तृतीयांशाहून जास्त ताठ. मी ६४ किलोचा माणूस, मला ३१.८ पुष्कळ झाली, वरची २८.६. अजून मोठ्या व्यासाची घेतली तर सायकल आपल्यालाच उलटी हाणते असं त्याचं मत.

ठरलं ते रेनॉल्ड्स ७२५. क्रोम-मॉलिब्डेनम स्टील, उष्णता देऊन कडक केलेलं, भिंत टोकांना ०.८ आणि मधे ०.५ मिमी, जोड जिथे येतो तिथे जाड आणि बाकी पातळ. अर्धा मिलीमीटर! अण्णांना हे सांगितलेलं नाही.

१९ नोव्हेंबर २०२३

दिवाळी आटपली, पहिलं ड्रॉइंग आलं. पीडीएफ झूम करून करून बघितलं.

मोठा मुद्दा पायाचा. माझ्या उंचीच्या लोकांना तयार सायकलीत हा त्रास कायम असतो, चाकं सगळ्यांना सारखी पण फ्रेम लहान, मग हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. मडगार्ड असेल तर जास्तच. आमच्याकडच्या चढांवर दमून नागमोडी जाताना बूट चाकाला लागला तर गडी आडवा. कंपन्या काय करतात, पुढचा कोन, म्हणजे हँडलची नळी जमिनीशी करते तो, उभाच ठेवतात, तेवढ्यात बसवतात आणि देतात. याने कोन ७१ केला, फोर्कचा रेक (चाकाचा आस पुढे किती काढलाय ते) ५२ मिमी, रीच (बॉटम ब्रॅकेटपासून हँडलच्या नळीचं आडवं अंतर) ३७८ आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) त्या मानाने आखूड, ८० चा. त्याने बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या अ‍ॅक्सलचं अंतर सहाशेच्या आसपास गेलं. त्याच मापाच्या नेहमीच्या फ्रेमला ते ५६५-५७० वर असतं.

मला भीती की एवढा झोपलेला कोन म्हणजे सायकल बैलगाडीसारखी वळणार. तर रेक वाढवल्यामुळे ट्रेल (चाक सरळ धरून ठेवणारं माप) ६४ मिमीच राहतो, ३५ मिमीचं टायर धरून. तयार रोडबाईकपेक्षा थोडासा जास्त. उतारावर सरळ धरून राहील, आणि आरे-वारेच्या उतारावर मला तेच पाहिजे, फोटो काढायला गाड्या कुठेही थांबलेल्या असतात तिथे.

बाकी आकडे इथे लिहून ठेवतो, नंतर शोधायला नको: स्टॅक (हँडलच्या नळीची उंची) ५४०, चेनस्टे (चेनच्या बाजूने मागच्या चाकाकडे जाणारी नळी) ४३०, बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेटचा ड्रॉप (चाकाच्या आसापासून किती खाली) ७०, क्रँक (पायडलचा दांडा) १६५, सगळं मिमी.

१० डिसेंबर २०२३

चाकावरून आठवडाभर घोळ. बिल्डर म्हणाला लहान फ्रेमला ६५०बी माप छान, चाक लहान, पाय लागायचा प्रश्नच मिटतो. तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर. पण मी बाजारातल्या सायकलवाल्या काकांकडे जाऊन बसलो, त्यांच्या दुकानात काय लटकतंय ते बघितलं. ६५०बी नाव त्यांनी ऐकलेलं नाही. सातशे सी, म्हणजे रोडबाईकचं नेहमीचं माप, आणून देतो म्हणाले, आधी सांगितलं तर. आणि २८ इंची दीड ढिगाने, जुन्या काळ्या सायकलींचं.

आता हे २८ दीड आणि ७००सी दिसायला सारखं, पण रिम वेगळी, काळ्या सायकलीची ६३५ मिमी आणि ७००सी ची ६२२, टायर एकमेकांना होत नाही. ट्यूब मात्र होते! रबर आहे, १३ मिमीचा फरक जिरून जातो, ३५ च्या टायरात आरामात बसते. अडचण फक्त व्हॉलची, म्हणजे हवा भरायच्या तोंडाची. रोडबाईकच्या रिमला साडेसहा मिमीचं भोक, देशी ट्यूबचा व्हॉल जाड, त्याला साडेआठ लागतं. तर मी ठरवलं की रिम साडेआठच्या भोकाची घ्यायची, रोज प्रेस्टा (रोडबाईकचा बारीक व्हॉल) वापरायचा, भोकात एक छोटी रिंग टाकायची, आणि उद्या गुहागरच्या पुढे कुठे दोन्ही ट्यूब संपल्या तर गावातल्या दुकानात मिळेल ती देशी ट्यूब टाकून घरी यायचं. बिल्डरला सांगितलं तर तो फोनवर मोठ्याने हसला, मग म्हणाला हे मी पुढच्या गिऱ्हाइकाला पण सुचवतो.

७००सी बाय ३५ फायनल, मडगार्डसकट जागा.

१४ जानेवारी २०२४

निम्मे पैसे पाठवले. नळ्यांची ऑर्डर गेली.

लग्जचा (नळ्या ज्यांत बसवून जोडतात त्या सांध्यांचा) मोह सोडला ते नोंदवून ठेवतो, कारण मला पहिल्यापासून लग्जवाली हवी होती, ती नक्षीदार टोकं, कडेने चांदीची बारीक रेघ. पण तयार लग्ज ठरावीक कोनांचे मिळतात, एखाद-दोन अंश इकडेतिकडे वाकवता येतात, त्यापलीकडे नाही. माझा पुढचा कोन ७१, वरची नळी तिरकी, जमवायला बसलो तर सगळं कोरून करावं लागेल आणि खर्च दुप्पट. मग टिग वेल्डिंग. टंगस्टनची सुई, भोवती आर्गॉन वायू, हवा लागू न देता जोड वितळतो. डिस्क ब्रेकची बैठक, बाटलीच्या स्टँडचे बोल्ट बसतात ते बॉस, मागच्या चाकाची टोकं हे पितळेने झाळणार.

१८ फेब्रुवारी २०२४

पुण्याला जाऊन आलो, लग्न होतं, त्यात वर्कशॉप उरकलं. खरं तर वर्कशॉप होतं, त्यात लग्न उरकलं.

जागा एवढीशी. एक लेथ, एक मिलिंग, मधे जिग (नळ्या जागेवर धरून ठेवायचा साचा), भिंतीवर कानसी. नळ्या आल्या होत्या, बर्मिंगहॅमवरून, हातात घेतली तर वजनच लागत नाही आणि नखाने टिचकी मारली की घंटेसारखी वाजते. हे रेनॉल्ड्सवाले मूळचे खिळे बनवणारे, १८४१ पासून. त्यांच्यातल्या आल्फ्रेड रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं आणि धंदा खिळ्यांवरून नळ्यांवर आला. जुने लोक ज्या ५३१ चं नाव घेतात ती १९३५ ची, आणि तीच पुढे जॅग्वार ई-टाइपच्या पुढच्या सांगाड्याला वापरली. हे सगळं बिल्डर कानस मारता मारता सांगत होता.

माइटर करताना बघितलं. एक नळी दुसरीच्या गोलाईवर फट न राहता बसेल असं तिचं तोंड कापून घासायचं. मशीनवर कापतो, पण शेवट हाताने. उजेडासमोर धरतो, फटीतून उजेड दिसला की परत दोन हात कानस. मी विचारलं वेल्डिंगमध्ये भरून नाही का येणार, तर म्हणाला भरून येतं की, पण मग ती फट थंड होताना नळीला ओढते आणि फ्रेम वाकडी होते. सरळ फ्रेम इथे बनते, वेल्डिंगला नाही.

मग माझा विषय काढला. पाणी. वेल्डिंग करताना आतली गरम हवा बाहेर जायला प्रत्येक नळीला कुठेतरी भोक ठेवावंच लागतं, बरेच जण ते चेनस्टेला किंवा सीटस्टेला (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) बाहेरून ठेवतात. मी म्हटलं ही भोकं सगळी आतल्या आत काढायची, म्हणजे नळी नळीत उघडेल आणि सगळ्यांचा निचरा सर्वात खाली बॉटम ब्रॅकेटच्या शेलमध्ये, आणि शेलला बुडाशी सहा मिमीचं एक भोक. केबल सगळ्या बाहेरून. आतून केबल दिसतात छान, पण प्रत्येक केबलला दोन भोकं, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो काही वरूनच पडत नाही, चाकाखालून वर पण येतो. त्याने वहीत लिहून घेतलं. बाटलीचे तीन जोड मी मागितले होते, प्रत्येक बोल्ट म्हणजे परत एक भोकच की असं तोच उलट म्हणाला, तर मी म्हटलं पाणी प्यायला पाहिजे, मे महिन्यात साखरप्याच्या चढावर या एकदा.

२४ मार्च २०२४

घरी शिमगा. पालख्या निघाल्यात, वाडीतली पोरं आता चार दिवस जमिनीवर नाहीत, तोवर काम कसलं, पण बसल्या बसल्या गिअर ठरवून टाकले.

हिशोब सोपा आहे. ३५ चं चाक एका फेऱ्यात साधारण २.१७ मीटर जातं. नेहमीचा कॉम्पॅक्ट गिअर, पुढे ३४ मागे २८ दाते, पायडलचे मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेनऊ किलोमीटर. म्हणजे आंबा घाटात त्याच्या खाली गेलो की पाय दळायला लागणार. पुढे ३० मागे ३४ घेतलं तर तेवढ्याच फेऱ्यांना ताशी सात. मी सातवाला माणूस आहे. पुढे ४६/३०, मागे ११-३४. वरच्या टोकाला ४६/११ म्हणजे नव्वद फेऱ्यांना ताशी ४९, त्यापुढे मी पायडल मारत नाही, देवाचं नाव घेतो.

ब्रेक डिस्कचे, पण केबलवाले. हायड्रॉलिक मऊ आणि जोरदार असतात मान्य, पण त्याचं तेल बदलून देणारा इथे मला माहीत नाही आणि केबल कुठेही मिळते. रिम ब्रेक का नाही तर लाल माती. पावसात जांभ्याचं बारीक वाळूसारखं पाणी रिमवर चढतं आणि ब्रेकच्या रबराखाली पॉलिश पेपर लावल्यासारखं रिम खातं, माझ्या ओळखीच्या एकाची रिम पावसाळाभरात खोलगट झाली होती.

२१ एप्रिल २०२४

फोटो आले! फ्रेम जुळली. अजून कच्ची, वेल्डजवळ निळे-पिवळे डाग, पण सायकल दिसते.

पृष्ठपाटावर, म्हणजे त्या सपाट ओतीव टेबलावर बॉटम ब्रॅकेट धरून डायल गेज फिरवल्याचा व्हिडिओ पण पाठवला, मागची टोकं मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत. झाळकामाच्या ठिकाणी फ्लक्स (झाळताना लावायचं रसायन) काचेसारखा चिकटलेला असतो, तो गरम पाण्यात तासन्‌तास ठेवून काढला म्हणाला. याच्याबद्दल मी खोदून खोदून विचारलं, कारण फ्लक्स राहिला की तो ओल खेचतो, आणि कधीकधी झाळीतलं बारीक भोक झाकून ठेवतो, रंगाखाली काही कळत नाही, वर्षाने फोड येतो.

फ्रेमचं वजन दोन किलोच्या आत-बाहेर, फोर्क वेगळा एक किलो. कार्बनवाले मित्र ग्रुपवर रडायची इमोजी टाकतायत.

२८ एप्रिल २०२४

रंग. आईचं म्हणणं पिवळा घे, दिसतो लांबून. मुलगी म्हणते काळा. मी आमसुली ठरवलाय. रॅलच्या रंगांच्या कार्डावर ३००७ ब्लॅक रेड म्हणून आहे तो त्याच्या सर्वात जवळ. मातीचे डाग त्यात लपतात, हे काही छोटं कारण नाही.

रंगाखाली काय, यावर अण्णांशी परत चर्चा. अण्णांचं आयुष्य मिरकरवाड्याच्या बंदरात गेलंय, त्यांनी दोन सल्ले दिले. पहिला, बोटीच्या पंख्याजवळ, सुकाणूवर जस्ताचे ठोकळे लावतात तसा सायकलला एक लाव. जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं, खरंय ते, पण दोन्ही एकाच पाण्यात बुडालेलं असेल तेव्हाच, हवेत एका टोकाला लावलेला ठोकळा दुसऱ्या टोकाला काही करत नाही. तत्त्व मात्र तेच प्रायमरमध्ये वापरता येतं, जस्ताची पूड भरपूर असलेला इपॉक्सी प्रायमर सगळ्या फ्रेमवर, म्हणजे ओरखडा पडला तरी त्या जागी शेजारीच जस्त आहे. तर ब्लास्टिंग, जस्ताचा प्रायमर, मग पावडर कोटिंग. गरम जस्तात बुडवायचं पण मी विचारून घेतलं, ४५० अंशांच्या कढईत अर्ध्या मिमीची नळी कोणी बुडवत नाही म्हणाला.

अण्णांचा दुसरा सल्ला, आतून काजूच्या टरफलांचं तेल ओत, लाकडी होड्यांना लावतात ते. त्या तेलाने हाताची सालं निघतात, लहानपणी काजू भाजताना चटके खाल्लेत, त्यामुळे नम्रपणे नको म्हटलं.

१९ मे २०२४

फ्रेम आली, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून, तीन पदरी पुठ्ठ्यात. पहाटे स्टँडवर जाऊन घेतली. रंग फोटोपेक्षा गडद, उन्हात धरला की आत लाल दिसतो. छान काम. वरच्या नळीवर नाव वगैरे काही नको म्हटलं होतं, त्याने आपलं हेडबॅजपुरतं ठेवलंय.

लगेच जोडायची नाही. आधी आतलं काम. हे पावडर कोटिंगच्या नंतरच करावं लागतं, भट्टीत १८०-२०० अंशांना आतलं तेल जळून जाईल. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड मिळतं, जवसाचंच तेल, सुतार लाकडाला लावतात. ते सुकतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि आत पातळ कातडीसारखा थर राहतो. बॉटम ब्रॅकेटमधून ओतलं, बूच मारलं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवली, उलटी, आडवी, परत उलटी, मागच्या बारीक नळ्यांत जायला वेळ लागतो. जास्तीचं ओतून काढलं. फोर्कच्या दांड्यातही.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी: तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात, मे महिन्यात तर नकोच. पाण्यात भिजवून ठेवा, नाहीतर उघडी पसरून वाळवा.

आता पडवीत टांगून ठेवलीय. मेची दमट हवा, सुकायला वेळ घेणार. येणारा-जाणारा प्रत्येक जण एकदा बोटाने टकटक करून जातो.

३० मे २०२४

जोडली. बाजारातल्या काकांच्या दुकानात, त्यांच्या स्टँडवर, त्यांचे पाने आणि माझे पाने मिळून. चुलत्यासारखे उभे राहिले, मधे मधे गिऱ्हाइकाचं पंक्चर काढत.

थ्रेडवाला ६८ चा बीबी, दोन्ही वाट्या ग्रीस फासून. ग्रीस हात आखडून लावायचंच नाही, हे काकांचं म्हणणं आणि माझं पण. सीटपोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा आणि नळी स्टीलची, तिथे तर थापलंच, वर ठरवलंय की पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून पुसून परत. सीट क्लॅम्पची चीर मागे नसते का, चाकाचं पाणी थेट तिच्यातच उडतं, म्हणून बिल्डरला ती पुढच्या बाजूला ठेवायला सांगितली होती. काकांनी ते बरोबर हेरलं, "उलटं का रे हे?" सांगितल्यावर मान हलवली.

बोल्ट स्टेनलेस. मडगार्ड ४५ मिमी. सगळं धरून अकरा किलोच्या जरा वर, पायडलसकट. वळवून बघितलं, बूट आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा.

२ जून २०२४

पहिली मोठी. रत्नागिरी, आरे-वारे, गणपतीपुळे, जयगड, फेरीबोटीने तवसाळ, गुहागर. एवढ्यात पाऊस येतोय म्हणून उन्हातान्हात उरकली.

आरे-वारेच्या उताराला दोन्ही हात ब्रेकवर न ठेवता उतरलो, हे माझ्यासाठी नवीन आहे. सायकल रेषेवर बसून राहते. खडबडीत रस्त्यावर जो बुंद बुंद आवाज हातात यायचा तो कमी, पण खरं सांगायचं तर यात स्टीलची जादू किती आणि ३५ च्या टायरात कमी भरलेली हवा किती, तर माझ्या मते टायरच जास्त. स्टीलवाले मला मारतील. फरक जाणवतो तो उभं राहून चढताना, मालगुंड सोडल्यावर, सायकल पायाखाली किंचित देते आणि परत घेते, जुनीवर ते नव्हतं, तिथे नुसता ठणका.

शास्त्रीच्या खाडीत फेरीबोटीवर पुढेच उभी केली होती तर सगळ्या सायकलवर खारट तुषार. बोटीवरच्या एका खलाशाने विचारलं कितीची, मी निम्मी सांगितली, तरी त्याने डोक्याला हात लावला. गुहागरला पोचल्या पोचल्या एका हॉटेलवाल्याकडून बादलीभर गोडं पाणी घेऊन धुतली. हीच खरी देखभाल. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, ऊन असलं तरी मीठ बसलेली जागा ओलीच राहते, तेव्हा गोडं पाणी आधी, तेल-बिल नंतर. प्रेशरचा पाइप मात्र लावायचा नाही, बेअरिंगमध्ये पाणी घुसतं.

११ ऑगस्ट २०२४

श्रावण. पावसात पण चालवतोय, ऊन-पाऊस, पावसपर्यंत आणि मागे. घरी आल्यावर सायकल मागच्या चाकावर उभी करून झटकली की बुडाच्या भोकातून पाणी येतं. थोडंच, चमचाभर, पण येतं. म्हणजे कितीही झाकलं तरी आत जातंच, सीटपोस्टच्या बाजूने जात असणार. भोक नसतं तर हे चमचे चमचे आत साठत गेले असते. एकदा भोकात लाल चिखल बसून बंद झालं होतं, आता काडी घालून बघायची सवय केलीय.

चेन मात्र विचारू नका. रात्रभर ठेवली की सकाळी नारिंगी. त्याला स्टीलची फ्रेम जबाबदार नाही, कार्बनवाल्या मित्राची पण तशीच आहे.

२७ ऑक्टोबर २०२४

पूर्ण उघडली. गणपतीनंतर करणार होतो, पाऊस लांबत गेला. बीबीच्या वाट्या हाताच्या जोरावर सुटल्या, पान्याला जोर लावावा लागला नाही. टॉर्च आणि मुलीच्या प्रोजेक्टसाठी आणलेला छोटा कॅमेरा वायरवर आत सोडला. खालच्या नळीत तेलाचा थर मधासारख्या रंगाचा, अखंड. चेनस्टेंमध्ये तसंच. शेलच्या बुडाशी थोडी वाळू, गंज नाही.

बाहेर तीन ठिकाणी सापडलं. उजव्या चेनस्टेवर चेन आपटून पावडरचा टवका गेलाय, तिथे तपकिरी ठिपका, खरवडून, प्रायमर-रंग लावून वर जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं. पुढच्या केबलचं आवरण हेड ट्यूबला घासून चट्टा पडलाय, पण जस्त दिसतंय, लाल काही नाही, तिथे पारदर्शक चिकटपट्टी लावली. तिसरं म्हणजे मागच्या ब्रेकच्या बैठकीवर, जिथे घासून सपाट केल्यामुळे रंगच नसतो. तिथे सगळीकडे पिंगट. ग्रीसचा हात मारलाय, पण दर पावसाळ्याआधी ब्रेक काढून करावं लागणार, बिल्डरला कळवलं, तो म्हणाला पुढच्या फ्रेमला बैठकीचा तुकडा स्टेनलेसचा झाळीन. त्याला पुढचं गिऱ्हाईक मीच दिलंय, दापोलीचा एक शिक्षक आहे, सहा फुटी, त्याला पाय लागायचा प्रश्न नाही पण पाण्याची सगळी यादी त्याला पाठवली आहे.

अण्णांनी आत कॅमेऱ्यातून बघितलं. "अजून एक पावसाळा जाऊ दे," म्हणाले.

उरलेलं काम: मागच्या मडगार्डची रबरी पट्टी आखूड पडते, आणखी चार बोटं हवी. मिरकरवाड्यात रबराचा जाड पत्रा मिळतो, शनिवारी आणणे. केबल बदलणे. हेडसेटची खालची बेअरिंग फिरवताना किंचित खरखरते, काकांना दाखवणे.